दीड वाजताचं पीठ

केशर इथे दुकानदार गल्ल्याच्या मागे ठेवतो,
सिगारेटींच्या शेजारी.
मागावं लागतं. मी मागितलं,
तर एस्किलनं माझ्या कोटाची बाही ओढून विचारलं,
पप्पा, हे विष असतं का?

किरुनात मुलांना सुट्टी लागते
तेव्हा सूर्य आधीच रजेवर गेलेला असतो.
दुपारी बाराला आभाळ जरा निळसर होतं,
कुणी फ्रीजचं दार उघडं टाकल्यासारखं,
आणि मग बंद.
मी खाणीत उतरतो तेव्हा रात्र, वर येतो तेव्हाही रात्र.
हा आठवडा मुलं माझ्याकडे आहेत.
त्यांची आई म्हणाली होती,
दिवसभर स्क्रीनसमोर बसवू नकोस.
मी म्हणालो, बघतो.
म्हणजे काही सुचत नव्हतं.

कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला माझ्या आईचा कागद:
अर्धा लिटर दूध, लोणी, यीस्ट,
मैदा, घेईल तेवढा.
घेईल तेवढा म्हणजे किती? ऐलीनं विचारलं.
नऊ वर्षांची आहे, तिला आकडा लागतो.
मी म्हणालो, कानाची पाळी चाचपून बघ,
तितकं मऊ झालं की थांबायचं.
मग एक हात पिठात, एक कानाला,
पांढऱ्या कानांची दोन माणसं
माझ्या स्वयंपाकघरात गंभीरपणे उभी.

दुधात केशर सुटलं तेव्हा कुणीच बोललं नाही.
डिसेंबरात इथे पिवळं असं काही दिसतच नाही,
बर्फ उपसणाऱ्या गाडीचा दिवा सोडला तर.

केशराची मांजरं म्हणतात यांना.
लांब वळी करायची, दोन्ही टोकं उलट दिशांना गुंडाळायची,
आणि दोन्ही वेटोळ्यांत एकेक मनुका.
एस्किलच्या मांजराची गोगलगाय झाली, मग किल्ली,
मग नुसताच गोळा, त्याला त्यानं सात डोळे लावले
आणि सांगितलं, हा खाणीत काम करतो,
याला अंधारात दिसायला पाहिजे.
मी हसलो नाही. फार कष्ट पडले.

ऐली एकीसारखी एक मांजरं वळत होती.
नजर पिठावर.
आणि पिठालाच सांगावं तसं म्हणाली,
शाळेत जेवायला मी खिडकीपाशी बसते.
एकटीच.
ऑगस्टपासून.

चार महिने मी विचारत होतो, कशी चाललीय शाळा?
गाडीत, फोनवर, दिवा मालवताना.
बरी.
आज तिचे हात चिकट होते,
दार लावून खोलीत निघून जाता येत नव्हतं,
माझ्याकडे बघावंही लागत नव्हतं.
ओठांशी आलेले तीन सल्ले मी गिळले
आणि मनुकांची वाटी तिच्याकडे सरकवली.
मोआ आधी माझी मैत्रीण होती, ती म्हणाली,
आणि मग सगळं,
मधूनच सुरू झालेलं, मागचं पुढं,
मध्येच एक वळी मोडून पुन्हा वळलेली.

पहिला ट्रे करपला तो त्यामुळे.
खालून कोळसा.
तिघांपैकी एकालाही वास आला नाही.
एस्किलनं सात डोळ्यांच्या मजुराला खरवडून खाल्लं,
म्हणाला, खाणीतला आहे, काळा असणारच.

उरलेलं पीठ फडक्याखाली, मागच्या दाराशी,
जिथे गारवा असतो तिथे ठेवलं.

रात्री दीडला खाली सुरुंग उडतात.
रोजचंच आहे. घर जरा खाकरतं,
कपाटातल्या बश्या एकमेकींना लागतात,
या गावात त्यानं कुणी जागं होत नाही.
पण एस्किल माझ्या पलंगापाशी, अनवाणी:
पप्पा, पीठ दचकलं असेल.

गेलो.
ऐली आधीच तिथे उकिडवी बसलेली,
मोबाइलचा उजेड तळहाताआड धरून.
तिनं फडक्याचा कोपरा उचलला.
फुगून काठापर्यंत आलेलं, पिवळं,
वर एक बुडबुडा सावकाश बसत चाललेला.
एस्किलनं बोट पुढं केलं.
ती म्हणाली, नको ना.
झोपलंय ते.